उजवीकडचा खिसा

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी पालघर स्टेशनवर लोकरीचा कोट घालून उतरलो, तेव्हा रिक्षावाल्याने कुठे जायचे हे विचारण्याआधी "लग्न कुणाकडं आहे, काका?" असे विचारले. त्याचा काही दोष नाही. आमच्या या भागात थंडी पडते ती वर्तमानपत्रातच अधिक. अशा हवेत धोतर, करडा कोट आणि काळी टोपी अशा थाटात निघालेला माणूस एक तर वऱ्हाडी असावा, नाही तर नाटकातला.

मी निघालो होतो मासवणला. वाघोबा खिंड ओलांडली की सूर्या नदीकाठचे हे गाव लागते. तिथे आमच्या एका मित्राचे कौलारू घर आहे आणि वर्षातून एकदा त्याच्या ओटीवर आम्हा पाच-सहा वेड्यांची बैठक भरते. वेड एकच, जुन्या पद्धतीचे कोट, जाकिटे आणि डगले. ते घालायचे, एकमेकांना दाखवायचे आणि त्यावर तासन् तास बोलायचे. आमच्या सौभाग्यवती या मेळ्याला 'बोहारणींचे संमेलन' म्हणतात.

त्या दिवशी यजमानांच्या अंगात त्यांच्या वकील आजोबांचा काळा आलपाकाचा कोट होता. पेरू देशातल्या एका लोकरी प्राण्याचे नाव घेऊन वावरणारे हे कापड हलके आणि चकचकीत. म्हणून उकाड्यातल्या कोर्टकचेऱ्यांत त्याची चलती होती. डहाणूकडचे एक पारशी गृहस्थ पांढरीशुभ्र डगली घालून आले होते. तिला बटणे नसतात, बंद असतात, आणि ते बांधायला दुसऱ्या माणसाचा हात लागतो, हे त्यांनी दरवर्षीप्रमाणे प्रात्यक्षिकासह सांगितले. बोईसरच्या कारखान्यात नोकरी करणारा एक तरुण मात्र नवेकोरे जाकीट घालून आला होता. जुन्या फोटोवरून बेतून घेतलेले, खिशात घड्याळाची साखळीसुद्धा.

"हे म्हणजे डालड्यातली पुरणपोळी," यजमान म्हणाले.

"तुमचे आजोबा शिंप्याकडून कोट घेऊन आले, तेव्हा तोही नवाच होता ना, काका?" पोराने शांतपणे विचारले. यजमानांनी विषय बदलून चहा मागवला.

माझी पाळी आली. हा कोट माझ्या आजोबांचा. ते पालघर तालुक्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते; तेव्हा हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात असे, पालघर वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. कापड पंजाबातल्या धारीवालचे की कानपूरच्या लाल इमलीचे, यावर अर्धा तास गेला. मग मी माझा हुकमी पत्ता टाकला. "आणि वरचा खिसा बघा! सगळ्या जगाचा डावीकडे, आमच्या आजोबांचा उजवीकडे. खास विलायती कट." हा शोध सर्वस्वी माझाच. मी तो इतक्या वेळा सांगितला होता की मलाही खरा वाटू लागला होता.

ओटीच्या कडेला शेजारचे एक म्हातारे टेलरमास्तर बसले होते. पालघरला पन्नास वर्षे मशीन चालवलेला माणूस. त्यांनी कोट मागून घेतला, उजेडाकडे धरला, एक बटण वर उचलून खाली अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, हा उलटवलेला कोट आहे."

आम्ही गप्प. मग त्यांनीच समजावले. वरची बाजू विटली, झिजली की सगळा कोट उसवायचा, कापडाची आतली बाजू बाहेर घ्यायची आणि पुन्हा शिवायचा. नव्यासारखा दिसतो. पण डावा भाग उजवीकडे जातो, आणि त्याच्याबरोबर वरचा खिसाही. काजे उजव्या काठावर येतात, ती रफू करून बुजवायची, वर बटणे टाकायची आणि डाव्या काठाला नवी काजे पाडायची. "खिशाचं तोंड मात्र लपत नाही. पण हात चांगला होता हो. रफू बघा, सापडतंय का!" त्यांच्या आवाजात कौतुकच होते. असे कोट मीही शिकाऊ असताना उसवलेत, म्हणाले; टेरिलीन आणि तयार कपडे आले आणि ते काम गेले.

पारशी गृहस्थांनी मला सावरून घेतले. युद्धात इंग्लंडात १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांवर रेशन होते. तिथेही लोक कोट उलटवून वापरीत, त्यात लाजायचे काय? लाजलो नव्हतो असे नाही. पण मला आठवत होता तो आमच्या भिंतीवरचा फोटो.

तो आत्याच्या लग्नातला, १९५५ सालचा. त्यातही आजोबांचा खिसा उजवीकडे आहे. "फोटोवाल्याने काच उलटी लावली," असे आजोबा हसत सांगत आणि आमच्या घरात ते वाक्य पिढीजात झाले होते. रात्री घरी आल्यावर मी प्रथमच तो फोटो नीट पाहिला. शेजारी बसलेल्या आजीचा पदर डाव्या खांद्यावर होता. जिथे असायला हवा, तिथेच.

आत्या आता नव्वदीची आहे. दुसऱ्या दिवशी फोन केला.

"तुला आत्ता कळलं होय रे?" ती म्हणाली. "माझा शालू घेतला आणि पैसे संपले. दादा आईला म्हणाले, नवा शिवून आणलाय. तिनं हात लावून पाहिला आणि म्हणाली, छान आहे कापड."

"म्हणजे आजीला कळलं होतं?"

"घरातली सगळी रफू तीच करायची, बाबा."

खिसा बुजवून देतो, असे टेलरमास्तर मला निघताना म्हणाले होते. मी त्यांना नको म्हणून कळवले आहे. एक बटण तेवढे सैल झाले आहे. ते घट्ट करून घ्यायला येत्या रविवारी मासवणला जाईन म्हणतो.