कापलेली पिन

मिरजेत आमचे दुकान आहे. आम्ही दोघे भाऊ मिळून चालवतो. पाटीवर अजून ‘रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून मिळतील’ असे लिहिलेले आहे. रेडिओ आता कोणी आणत नाही, टेप तर नाहीच, पण पाटी अब्बांनी रंगवून घेतलेली, म्हणून ती तशीच ठेवली आहे. पलीकडच्या गल्लीत सतारमेकर मंडळी. त्यामुळे आमच्या भागात सुराला कान जरा जास्तच तिखट.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. बुधवारी मगरिबची नमाज पढून आम्ही दुकानाचे शटर अर्धे ओढले होते. तेवढ्यात आपाचा मुलगा, आमचा भाचा, आत शिरला. खांद्यावर गिटार, बगलेत एक लाकडी फळी. सलाम केला आणि फळी सरळ आमच्या टेबलावर ठेवली.

“मामू, हे जर रविवारपर्यंत नीट झालं नाही तर माझं काम गेलं.”

भाचा ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: ही चार जाड तारांची गिटार. ऐकणाऱ्याला ती वेगळी अशी ऐकू येत नाही. बंद पडली तर मात्र गाणे पोकळ वाटते. दुलाभाईंची नोकरी सुटल्यापासून घरचा किराणा या चार तारांवर चालतो, हे आपाने कधी बोलून दाखवले नाही, पण आम्हाला माहीत होते. मागच्या दोन कार्यक्रमांत त्याच्या स्पीकरमधून सारखी घरघर येत राहिली. ऑर्केस्ट्राचा मालक म्हणाला होता, पुन्हा असे झाले तर कीबोर्डवालाच डाव्या हाताने बेस वाजवेल.

फळीवर पाच पेडल होते. पेडल म्हणजे पायाने दाबायची लोखंडी डबी. एक सूर जुळवायची, एक आवाज सारखा ठेवणारी, एक खालचे सप्तक जोडणारी, एक आवाज खरखरीत करणारी, आणि पाचवी डिजिटल, तिच्यात पन्नास प्रकारचे आवाज. पाचही डब्या 9 व्होल्टवर चालतात. भाच्याने एकाच अ‍ॅडॉप्टरमधून माळेसारखी वायर काढून पाचही ठिकाणी टोचली होती.

दुरुस्तीचा पहिला नियम अब्बांचा: आधी काढत जायचे, मग जोडत जायचे. गिटार सरळ अ‍ॅम्प्लिफायरला लावली. आवाज स्वच्छ. फळी मध्ये आणली, घरघर सुरू. गिटारचे बटण फिरवून आवाज शून्यावर नेला, तरी घरघर तेवढीच. म्हणजे दोष गिटारचा नव्हता, तिच्या पुढचा होता. हो, गिटारच्या पोटातही एक चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी असते आणि केबल खोचून ठेवली तर ती रात्रभर संपत राहते. त्याची ती सवय आम्ही आधीच मोडली होती.

मग एकेका डबीला माळेतून सोडवून बॅटरीवर चालवले. डिजिटल डबीला पेन्सिल सेल घातले तेव्हा एक बारीक शिट्टी एकदम थांबली. तोपर्यंत ती शिट्टी वेगळी आहे हेच आमच्या लक्षात आले नव्हते; घरघरीखाली झाकलेली होती. डिजिटल डबीच्या आत सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणारे काम चालते, आणि सगळ्यांची उणे तार एकच असली की तिचा कचरा शेजारच्या डब्यांत जातो. उपाय सोपा, तिचा अ‍ॅडॉप्टर वेगळा करायचा. पण घरघर बाकी होतीच.

तेवढ्यात शेजारचे सतारमेकर चाचा चहाला आले. आयुष्यभर जवारी काढलेला माणूस. त्यांनी दोन मिनिटे ऐकले आणि भाच्याला म्हणाले, “तुझी सगळ्यात बारीक तार मोकळी वाजव.” त्याने वाजवली. तार आणि घरघर एकमेकींत मिसळल्या आणि आवाज सेकंदाला दोनदा हेलकावे घेऊ लागला. “बघ, ही तुझ्या तारेच्या जरा वर आहे. खालच्या सप्तकातली नाही.”

चाचांना आकडे माहीत नव्हते, आम्हाला होते. बेसची ती तार सेकंदाला 98 वेळा कंप पावते. दोन हेलकावे, म्हणजे घरघर 100 ची. आपल्याकडची वीज 50 ची असते. अ‍ॅडॉप्टरमध्ये ती सरळ करताना दोन्ही बाजू वापरल्या जातात, म्हणून दुप्पट होऊन 100 होते, आणि ते सपाट करण्याचे काम कॅपॅसिटरचे. 100 ची घरघर म्हणजे बहुतेक वेळा कॅपॅसिटर थकलेला. वायरीतून शिरलेला आवाज असता तर तो 50 चा, सगळ्यात जाड तारेच्या तिसऱ्या पडद्याशी जवळजवळ मिळणारा. बेसवाल्यांची हीच पंचाईत आहे. विजेचा आवाज नेमका त्यांच्या सुरांच्या रांगेत येऊन बसतो. बासरीवाल्याला तो लगेच कळतो, यांना कळत नाही.

अ‍ॅडॉप्टर जुन्या बाजारातला, जड, ट्रान्सफॉर्मरवाला. वर लिहिलेले ‘9 व्होल्ट, 1 अँपिअर’. मीटर लावला. रिकामा असताना 13 व्होल्ट, पाच डब्या जोडताच 8 च्या खाली. अ‍ॅडॉप्टर नेहमी लोडवर मोजावा, रिकामा मोजला तर तो मोठमोठ्या गप्पा मारतो. उघडून पाहिला तर कॅपॅसिटरचे डोके फुगून पुरीसारखे झालेले. आणि हिशोबही जमत नव्हता. पहिल्या चार डब्यांना मिळून 100 मिलिअँपिअरही लागत नाहीत. डिजिटल एकटी 500 मागते. अशा मरतुकड्या अ‍ॅडॉप्टरवर ती चार तास चालली कशी, हेच नवल.

रात्री अकरापर्यंत बसून आम्ही त्याला एक पेटी करून दिली. 12 व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, 2200 चा नवा कॅपॅसिटर आणि व्होल्टेज 9 वर धरून ठेवणारी 7809 ही आयसी, तिला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. हे चार डब्यांना. डिजिटलला तिच्या कंपनीचा स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर. पिनला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, कारण पेडलच्या पिनचा मध्य उणे असतो आणि वायफायच्या डब्याचा बहुधा अधिक. भोक मात्र बऱ्याचदा तेच. घरात घाईत एखादा दिवस चुकीचा खोचला की डबी गेली.

आवाज स्वच्छ झाला. भाचा खूश. आम्ही विचारले, “हॉलमध्येही हीच घरघर होती ना?”

“हॉलमध्ये अजून एक होती मामू, खालची, मोठी. पण ती मी तिथेच बंद केली.”

“कशी?”

त्याने अ‍ॅम्प्लिफायरची वायर उचलून प्लग दाखवला. तीन पिनांपैकी वरची जाड पिन नव्हती. करवतीने कापलेली, कड घासून गुळगुळीत केलेली.

“कोणी सांगितलं तुला हे?”

“तुम्हीच. लहानपणी दुकानात बसायचो तेव्हा पाहिलंय. हम आला की अर्थ काढा, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचा.”

खरे होते. वीस-बावीस वर्षांपूर्वी मांडववाले, कव्वालीवाले, सगळे घरघरीची तक्रार घेऊन यायचे. आम्ही प्लग उघडून हिरवी तार कापायचो नाहीतर पिनच उडवायचो. घरघर थांबायची, गिऱ्हाईक दुवा देऊन जायचे. का थांबायची तेही आम्हाला माहीत होते. अ‍ॅम्प्लिफायरला एका बोर्डातून अर्थ मिळतो, मिक्सरला दुसऱ्या बोर्डातून, आणि दोघांना जोडणाऱ्या केबलची जाळी मधला रस्ता पुरा करते. त्या कड्यात 50 चा प्रवाह फिरत राहतो. एक अर्थ कापला की कडे तुटते. पण त्याच अर्थवर माणसाचा जीव टांगलेला असतो. ती पिन इतर दोन्हींपेक्षा लांब करतात ती उगाच नाही. ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून.

“माइकवर गाताना कधी ओठाला काही जाणवलं?”

भाचा जरा थांबला. “झिणझिण होते. कोरस म्हणताना. मी माइकला रुमाल बांधतो.”

आमच्यापैकी थोरल्याने पक्कड खाली ठेवली. धाकटा उठून बाहेर जाऊन आला. बेसच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या लोखंडी अंगाशी जोडलेल्या असतात. आत कुठे फेज अंगाला लागली आणि अर्थ नसला तर ती तारांवर येते. बोटे तारांवर, ओठ माइकवर, माइकला मिक्सरचा अर्थ. मधे माणूस. 1972 साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे असाच मंचावर गेला, अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून. हे नाव आम्ही तरुणपणी वाचले होते. वाचूनही पिना कापत राहिलो.

त्याला नवा तीन पिनांचा प्लग बसवून दिला. घरघरीसाठी एक डीआय बॉक्स घ्यायला लावला. त्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि बाजूला ग्राउंड लिफ्टचे बटण. ते आवाजाच्या केबलची जाळी तोडते, विजेच्या अर्थला हात लावत नाही. कडे तिथे तोडायचे.

रविवारी आम्ही दोघे मीटर घेऊन हॉलवर गेलो. व्यवस्थापक म्हणाला, अर्थिंग आहे, तीन भोके दिसत नाहीत का? मंचाच्या बोर्डावर फेज ते न्यूट्रल 228 आणि फेज ते अर्थ 60 च्या आसपास, तेही नाचणारे. म्हणजे भोक होते, मागे तार नव्हती. भटारखान्याजवळच्या बोर्डावर मात्र दोन्हीकडे 228, आणि न्यूट्रल ते अर्थ 2 च्या आत. मांडववाल्याकडून जाड तीन तारांची केबल घेऊन गिटारपासून मिक्सरपर्यंत सगळा साउंड त्या एका बोर्डावर नेला. दिवे मंचावरच राहिले. भाच्याने पहिले गाणे उचलले तेव्हा आम्ही मागे, देगांच्या वासात उभे होतो. घरघर नव्हती. माइकवरचा रुमाल त्याने काढला होता. मालकाने पुढच्या महिन्याच्या चार तारखा त्याला तिथेच दिल्या.

घरी येताना स्कूटरवर आम्ही काही बोललो नाही. दोघांच्या डोक्यात एकच हिशोब चालला होता: कोणाकोणाच्या पिना कापल्या? मांडववाले दोघे धंदा सोडून गेले. कव्वालीचे ते बुजुर्ग आता नाहीत. एक जागा मात्र राहिली होती.

सोमवारी असरनंतर आम्ही मोहल्ल्यातल्या मशिदीत गेलो. कपाटात अ‍ॅम्प्लिफायर तोच, मागे आमच्या दुकानाचा पिवळा पडलेला कागद. वायर ओढून प्लग बाहेर काढला. दोनच पिना. मुअज्जिन साहेब रोज पाच वेळा, वजूच्या ओल्या हातांनी, तो लोखंडी माइक धरत आले होते.

आम्ही त्यांना सगळे सांगितले. ते ऐकून काही रागावले नाहीत, फक्त आपल्या तळहाताकडे पाहत राहिले. नवा प्लग बसवला, बोर्डाचा अर्थ मोजला. तार तुटकी निघाली. अंगणात कोळसा-मीठ घालून नवा खड्डा घ्यावा लागणार होता, त्यासाठी दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावले. तोवर माइक बंद.

त्या दिवशी मगरिबची अजान मुअज्जिन साहेबांनी पायरीवर उभे राहून, माइकशिवाय दिली.