मोडका ठेवलेला किल्ला

हायडेलबर्गचा किल्ला नेकर नदीच्या डाव्या तीरावर, डोंगराच्या उतारावर उभा आहे. जुन्या पुलावरून पाहिले की तांबड्या वालुकाश्माच्या भिंती झाडीतून वर आलेल्या दिसतात आणि काही खिडक्यांतून थेट पलीकडचे आभाळ दिसते. एसएपी कंपनीचे मुख्यालय असलेले वालडॉर्फ इथून जवळच. त्यामुळे या भागात मराठी घरेही बरीच, आणि उन्हाळ्यात आई-वडील भारतातून आले की सुट्टीचा पहिला बेत बहुधा इथलाच ठरतो. गुडघेदुखीची सबब चालत नाही, कारण कॉर्नमार्क्ट चौकातून दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे थेट किल्ल्याशी नेऊन सोडते. धडधाकटांसाठी तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. घाम न गाळता किल्ला गाठायचा, हे सह्याद्री तुडवलेल्या माणसाला जरा खटकतेच.

तटबंदी भक्कम असली तरी हे मुळात राहते घर. सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या मोजक्या राजांपैकी पॅलॅटिनेटचे राजे इथे नांदत. ज्याने त्याने आपापल्या हौसेप्रमाणे नवी इमारत उठवली, म्हणून मधल्या चौकाच्या चारही बाजूंना वेगवेगळ्या काळांची तोंडे दिसतात. गड पाहायची सवय असलेली नजर आधी पाण्याची सोय शोधते. ती चौकाच्या कडेलाच आहे. विहिरीवरच्या मंडपाचे ग्रॅनाइटचे खांब इंगेलहाइमच्या शार्लमेनच्या राजवाड्यातून आणलेले, म्हणजे किल्ल्याहून कितीतरी जुने. गर्दी मात्र विहिरीपाशी नसते, तळघरातल्या पिंपापाशी असते. 1751 मध्ये बांधलेल्या या लाकडी पिंपात सुमारे 2 लाख 20 हजार लिटर वाइन मावे. द्राक्षबागायतदारांचा कर वाइनच्या रूपात येई आणि सगळ्या गावांची, बरी-वाईट, एकत्रच ओतली जाई. चवीचा विचार न केलेला बरा. पिंपासमोर पेर्केओ या ठेंगू विदूषकाचा लाकडी पुतळा आहे. हा गडी आयुष्यभर वाइन पीत राहिला आणि एकदा चुकून पाणी प्यायला तेव्हा मेला, अशी कथा सांगतात. आजोबा ही कथा नातवंडांना सांगताना शेवट थोडा बदलतात.

गावाकडच्या सज्जात फरसबंदीतल्या एका दगडावर पावलाच्या आकाराची खोलगट खूण आहे. राजवाड्याला आग लागली तेव्हा एका सरदाराने खिडकीतून उडी टाकली, तिचा हा ठसा, असे म्हणतात. येणारा प्रत्येक जण त्यात पाय घालून पाहतो. मुलांचे बूट आत हरवतात, आजी चप्पल काढून पाय ठेवते, आणि मागे रांग लागते.

किल्ला पडला तो नऊ वर्षांच्या युद्धात. 1689 मध्ये चौदाव्या लुईच्या फौजांनी माघार घेताना तो जाळला. त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती गेला, हे मराठी माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. 1693 मध्ये फ्रेंच पुन्हा आले आणि त्यांनी सुरुंग लावले. दारूच्या कोठाराचा बुरूज तेव्हा फुटला. भिंत सुमारे साडेसहा मीटर जाड असल्याने तिचा चुरा झाला नाही, मोठी ढलपी सुटून अखंडच खंदकाकडे घसरली. ती अजून तशीच कलंडलेली आहे आणि पूर्ण इमारतीपेक्षा किल्ल्याची ताकद तिच्यातच जास्त कळते. पुढे राजधानी मानहाइमला गेली. 1764 मध्ये वीज पडून उरलेसुरले जळाले, आणि गावकरी घरबांधणीला इथले दगड नेऊ लागले. ही लूट थांबावी म्हणून धडपडला तो शार्ल द ग्राइमबर्ग, एक फ्रेंच सरदारच. त्याने अवशेषांची चित्रे काढून छापली आणि ती पाहून लोक इथे येऊ लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किल्ला पुन्हा उभारावा की नाही यावर मोठा वाद झाला. फ्रीडरिशची इमारत 1897 ते 1900 मध्ये सजवून पुरी केली गेली. ऑटहाइनरिशच्या इमारतीचीही तीच गत झाली असती, पण कलेतिहासकार गेऑर्ग डेहिओ यांनी 1901 मध्ये कडाडून विरोध केला. जे आहे ते सांभाळा, नवे रचू नका, ही त्यांची भूमिका टिकली. दोन्ही दर्शनी भिंती एकाच चौकातून दिसतात, आणि आभाळ दाखवणारी भिंत सरस वाटते.

या गावाचा महाराष्ट्राशी धागा मात्र किल्ल्यातून जात नाही, विद्यापीठातून जातो. इथल्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवणाऱ्या गुंथर सोंथायमर यांनी खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा आणि धनगरांच्या ओव्या यांचा अभ्यास केला. त्यासाठी त्यांनी महाराष्ट्र पायाखाली घातला.

उन्हाळ्यात तीनदा रात्री किल्ल्यावर लाल उजेड सोडतात, 1689, 1693 आणि 1764 च्या आगींची आठवण म्हणून. मग पुलावरून आतषबाजी होते. ती किल्ल्यातून नव्हे, नदीच्या पलीकडल्या काठावरून नीट दिसते. तिथे जागा धरायला लोक बरेच आधी सतरंज्या आणि डबे घेऊन जातात.