जुन्या कपड्यांची पेठ: अहमदाबादची रविवारी

आपल्या गावाकडे लुगडे विरले की त्याची गोधडी होते, गोधडी फाटली की तिचे पोतेरे होते. कापड घरातच जन्म काढते. शहरात तसे नाही. तिथे गोधडी शिवायला ना कुणाला वेळ, ना वाळत घालायला अंगण. मग दारावर बोहारीण येते. डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलची पातेली, डबे, चाळण्या. चार पँटी, तीन सदरे आणि एक साडी घेऊन ती एक पातेले देते. घरची बाई म्हणते, "बरं झालं, अडगळ गेली." पण वाचकहो, हे कपडे पुढे कुठे जातात, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? ते पाहायचे असेल, तर एक रविवार अहमदाबादेत काढा.

अहमदाबाद आपल्याला फार लांब नाही. मुंबईहून रात्री गाडीत बसले की सकाळी तिथे उतरता येते. खानदेशातल्या मंडळींना भुसावळ-सुरत मार्ग सोयीचा. मराठी माणसाला हे शहर परकेही नाही. १७५८ पासून १८१७ पर्यंत इथे पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल होता. भद्रचा किल्ला, तीन दरवाजा, साबरमतीचा आश्रम हे सारे पाहालच. पण रविवारी सकाळी आधी नदीकाठ गाठा. एलिस पुलाजवळ, साबरमतीच्या पूर्व काठावर हा बाजार भरतो. त्याचे नाव गुजरी बाजार, पण लोक नुसते "रविवारी" म्हणतात. सुलतान अहमदशहाच्या काळापासून, म्हणजे पंधराव्या शतकापासून, ही गुजरी चालत आली असे सांगतात. गेल्या शतकात ती कित्येक वर्षे नदीच्या कोरड्या पात्रातच भरत असे. पुढे नदीकाठ बांधून काढायचे ठरले, तेव्हा बाजार उठणार अशी धास्ती पडली. विक्रेते उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी २०१४ साली त्याच काठावर त्यांना ओटे बांधून जागा मिळाली.

इथे काय मिळत नाही? जुन्या खाटा, कपाटे, कुलपे, पाने, हातोड्या, शाळेची पुस्तके, सायकलीचे सुटे भाग. शेतकऱ्याचे पाय हत्यारांपाशी घुटमळणारच. पण आपल्याला आज कपड्यांकडे जायचे आहे. जमिनीवर चादर अंथरलेली, तिच्यावर सदऱ्यांचा ढीग, शेजारी पँटी घडी घालून ठेवलेल्या. मागे बसलेली बाई बहुतेक वेळा देवीपूजक समाजाची. या लोकांना पूर्वी वाघरी म्हणत. जुन्या कपड्यांचा धंदा त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

ढीग पाहून नाक मुरडू नका. त्या ढिगामागे किती कष्ट आहेत, ते पाहा. बाई आठवडाभर पाटी घेऊन सोसायट्यांचे जिने चढते. आणलेला माल घरी निवडते. धुण्याचे वेगळे, सांधण्याचे वेगळे. बटण लावायचे, उसवलेली शिवण घालायची, इस्त्री फिरवायची. साडीला खरी जर असेल तर ती जरवाल्याकडे जाते. तो ती जाळून चांदी काढतो. अशा किती तरी भरजरी साड्या मुशीत गेल्या! जे अंगावर घालण्याजोगे राहिले नाही, त्याच्या चिंध्या होतात आणि त्या छापखान्यात, कारखान्यात यंत्रे पुसायला जातात. वाया काही जात नाही. आपण उसाचे वाढेसुद्धा जनावरांना घालतो, तसलाच हा हिशोब.

आता खरेदीचे सांगतो. घरून निघताना एक दोरा घ्या. मुलाची उंची, छाती, कंबर मोजून त्याला गाठी मारून ठेवा. मूल बरोबर नसले तरी माप चुकत नाही. पँट स्वतःसाठी घ्यायची असेल आणि घालून पाहायला आडोसा नसेल, तर बटण लावलेला कमरपट्टा गळ्याभोवती धरा. दोन्ही टोके मानेमागे जेमतेम भेटली, तर साधारण कंबरेला बसते. हा अंदाज आहे, पण बहुतेकांना लागू पडतो.

मग कापड उन्हाकडे धरा. गुडघे, बैठक, कोपर, काख या चार जागी कापड आधी विरते. तिथून उजेड झिरपू लागला तर ते चार धुण्यांतच फाटेल, कितीही स्वस्त असो. कॉलर झिजली असेल तर मात्र घाबरू नका. जाणता शिंपी ती उसवून उलटी लावून देतो आणि सदरा पुन्हा नवा दिसतो. आतली शिवण उलटून पाहा. शिवणीत कापड सोडलेले असेल, तर पुढे सैल करता येते. वाढत्या मुलांसाठी तेच घ्यावे. चेन दोनदा वरखाली करा. लोकरी म्हणून स्वेटर विकत असतील, तर एक सुटा धागा मागून घ्या आणि बाजूला जाऊन काडीने पेटवा. केस जळल्याचा वास आला तर लोकर समजा. वितळून कडक गोळी झाली तर ते कृत्रिम सूत.

भाव करताना "बेन" म्हणून हाक मारा आणि "केटला?" विचारा. घासाघीस जरूर करा, तीही तेच धरून चालते. पण तिच्या मालाला "भंगार" म्हणू नका.

घरी आल्यावर कपडे थेट कपाटात जाऊ देऊ नयेत. सुती कपडे सोडा घातलेल्या कढत पाण्यात भिजवून धुवावेत, कडक उन्हात उलटसुलट वाळवावेत आणि शिवणीवरून गरम इस्त्री फिरवावी. म्हणजे उवा, खरूज यांची धास्ती राहात नाही. लोकरीला कढत पाणी लावू नका, ती आटते. कापणीला, कापूस वेचायला लांब बाह्यांचे जुने सुती सदरे फार उपयोगी. फवारणीला एक सदरा वेगळा राखा आणि तो घरच्या धुण्यात कधीही मिसळू नका.

जुन्या कपड्यांच्या या बायांनी आणखी एक काम केले आहे, ते मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. १९७१ साली इला भट्ट अहमदाबादच्या मजूर महाजन या कामगार संघटनेच्या महिला विभागाचे काम पाहात होत्या. कापडबाजारात ओझी वाहणाऱ्या बायांची बाजू त्यांनी मांडली. ते ऐकून जुने कपडे विकणाऱ्या बाया आपली गाऱ्हाणी घेऊन आल्या. एका बागेत सभा भरली, शंभरावर बाया जमल्या. त्यांच्यातलीच एक म्हणाली, आपली स्वतःची संघटना का नको? त्यातून "सेवा" उभी राहिली. सरकारी कचेरीत प्रश्न निघाला की यांचा मालक कोण? मालक नाही तर संघटना कुणाविरुद्ध? बायांचे म्हणणे असे की, संघटना कुणाविरुद्ध नसते, ती एकमेकींसाठी असते. एप्रिल १९७२ मध्ये तिची नोंदणी झाली.

पुढचा अडसर सावकाराचा. भांडवल त्याचे, म्हणून नफाही त्याचाच. तेव्हा बायांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले. आपण गरीब असू, पण संख्येने किती तरी आहोत, हा विचारही जुन्या कपड्यांचा धंदा करणाऱ्या एका बाईनेच मांडला. १९७४ साली चार हजार बायांनी दहा-दहा रुपये भरले आणि सहकारी बँक सुरू झाली. नोंदणीच्या कागदावर सह्या हव्या होत्या. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांनी रात्रभर बसून आपले नाव गिरवले. सोसायटीचे कर्ज आणि सावकाराचे कर्ज यांतला फरक शेतकऱ्याला वेगळा सांगायला नको.

म्हणून सांगणे इतकेच. जुना कपडा विकत घेण्यात कमीपणा नाही. जो पारखून घेतो, धुऊन नेटका वापरतो, तो शहाणा संसारी. आणि शहरातल्या लेकीसुनांनाही कळवा. बोहारणीला कपडे देताना ते धुऊन द्या, बटणे तोडून घेऊ नका, फाटके असेल ते आधीच दाखवा. एका पातेल्यासाठी तासभर वाद घालण्यापूर्वी तिच्या पाटीचे वजन पाहा. ती अडगळ न्यायला आलेली नसते, व्यापाराला आलेली असते.