पुन्हा उघडता यावं म्हणून

जुन्या मोटरसायकलचं इंजिन उघडलं, की आधी दिसतात ती आपल्या आधीच्या माणसांची कामं. कुणी गास्केटच्या जागी जाड पुठ्ठा कापून बसवलेला असतो. कुणी शेलॅकचा एवढा थर दिलेला असतो, की दोन झाकणं मिळून एकच ओतीव वाटावं. एखाद्या स्क्रूचं डोकं छिन्नीनं पार तासलेलं असतं. आणि मध्येच एखादा बुश असा नेमका बसलेला सापडतो, की बसवणाऱ्याला मनोमन नमस्कार करावा. कोल्हापुरात घराच्या मागच्या पडवीत मी बरीच वर्षं जुन्या जावा आणि येझदी गाड्या दुरुस्त करतो आहे. या कामातून माझी एक कसोटी तयार झाली. गाडी सुरू झाली का, चमकते का, हे नंतर बघायचं. आधी विचारायचं, की मी आज बंद करतोय ते पुढच्या माणसाला धडपणे उघडता येईल का?

गॅरेजवाल्या मिस्त्रीला हा प्रश्न विचारायला सवड नसते. संध्याकाळी गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची असते आणि ती घरापर्यंत पोचली पाहिजे. पुठ्ठ्याचं गास्केट कापणाऱ्याला म्हणूनच मी कधी नावं ठेवत नाही. बाजारात गास्केट मिळत नसेल, गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी पहाटे दूध घालायला जायचं असेल. त्यानं गाडी चालती ठेवली, म्हणून ती आज माझ्यापर्यंत आली. घरच्या कामाला मात्र घाई नसते. दोष सापडला की त्याच्या मुळाशी जाता येतं, आणि जी सवड त्याला नव्हती ती वापरायची जबाबदारीही आपल्यावर येते.

ही कसोटी मुळात या गाडीच्या घडणीतच आहे. 1929 साली फ्रान्टिशेक यानेचेक यांनी प्राग इथं वांडरर कंपनीच्या मोटरसायकलचं उत्पादन हाती घेतलं. यानेचेक (Janeček) आणि वांडरर (Wanderer) यांची रोमन लिपीतली पहिली दोन-दोन अक्षरं जोडून जावा हे नाव झालं. 1961 पासून म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातून जावाची गाडी भारतात बनून निघू लागली. 1973 मध्ये तिचं नाव येझदी झालं, 1978 मध्ये रोडकिंग आली आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. म्हैसूरच्या या सगळ्या काळात मुख्य गाडीच्या इंजिनाचा गाभा फारसा बदलला नाही. एकच सिलेंडर, 65 मिलिमीटरचा बोअर, 75 मिलिमीटरचा स्ट्रोक, टू-स्ट्रोक, आणि त्या एका सिलेंडरला दोन सायलेन्सर. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक, एवढ्याच तीन गोष्टी ताकद पैदा करतात. गिअरचा दांडाच आत दाबून उभा केला की किक होतो. त्याच दांड्याच्या हालचालीनं क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे चालत्या गाडीत क्लच न दाबताही गिअर पडतो. मागची चेन पत्र्याच्या पेटीत आणि रबरी नळ्यांत पूर्ण झाकलेली, म्हणजे धूळ आणि चिखल तिच्यापर्यंत जातच नाही. ज्यांनी हे आखलं त्यांनी गाडी वापरणाऱ्याचा विचार केला होता, आणि ती उघडणाऱ्याचाही.

उघडताना पहिला नियम म्हणजे जोर शेवटी वापरायचा. साइड कव्हरचे स्क्रू पन्नास वर्षं ॲल्युमिनियममध्ये बसून गंजलेले असतात. त्यांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल पाजायचं, सकाळी इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून वरून हातोडीचा एक ठोका द्यायचा. ठोक्याचा धक्का आटे मोकळे करतो आणि ड्रायव्हरची पिळवट स्क्रू फिरवते. डायनमोचं आर्मेचर आणि क्लचची बास्केट ठोकून काढायची नसते, त्यांना पुलर असतो. क्रँककेसचे दोन अर्धे भाग वेगळे करताना फटीत पेचकस घालून उचकटायचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरायचा. त्या जोडावर पडलेला एक ओरखडा म्हणजे पुढच्या प्रत्येक मालकासाठी कायमची गळती. बेअरिंगच्या भोवती केस तापवली की ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, पकड सैल होते आणि मऊ हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी केस सुटते. बसवतानाही हाच न्याय. केस गरम, बेअरिंग थंड. बेअरिंग आपल्या वजनानं घरात जाऊन बसतं.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस ही नुसती पेटी नसते, ती पंपाचं काम करते. पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवेचं मिश्रण खाली ओढलं जातं आणि खाली येताना तेच दाबून सिलेंडरमध्ये चढवलं जातं. म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील इतकी महत्त्वाची. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं तेल ओढलं जातं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट उठतो. डायनमोच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि एखाद्या घाटात अडकून बसतो. वरून पाहणारा म्हणतो पिस्टन खराब, आणि नवा पिस्टन टाकतो. मूळ कारण असतं काही रुपयांचं रबर. बाहेरून ते दिसत नाही. तिथवर पोचायचं तर बाकी सगळं सोडवावं लागतं.

क्रँकचं काम घरी होत नाही. त्यासाठी मी शिवाजी उद्यमनगरात जातो. शेतीची ऑइल इंजिनं आणि उसाचे घाणे दुरुस्त करता करता वाढलेली ही वसाहत. फाउंड्री, लेथ आणि बोअरिंग मशीन इथं एकमेकांना खेटून उभी आहेत. जावाची क्रँक दोन जाड चकत्यांमध्ये पिन दाबून बसवलेली असते. रॉड झिजला तर ती हायड्रॉलिक प्रेसवर फोडायची आणि पुन्हा दाबायची. तिथल्या एका बुजुर्ग मिस्त्रींना मी एकदा विचारलं, पिन चांगली दिसतेय, तीच ठेवायची का?

"नाही सर. रॉड, पिन, रोलर तिन्ही एकदम बदलायचं. एक जुनं ठेवलं तर ते दोन नव्यांना खातंय."

"आणि आऊट किती राहील, मिस्त्री?"

"एक थाऊच्या आत आणून देतो. तोवर गाडीला हात लावायचा नाही."

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरचा साधारण चाळिसावा. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून, डायल लावून ते ती हातानं फिरवत राहिले. काटा जिथं जास्त हलला तिथं चकतीच्या कडेवर तांब्याच्या हातोडीचा ठोका, परत डायल, परत ठोका. काटा थांबला तेव्हा त्यांनी खडूनं क्रँकवर आकडा लिहिला. मी तो घरी येऊन वहीत उतरवला. पुढच्या वेळी ती क्रँक जो उघडेल, त्याला कुठून सुरुवात झाली हे कळलं पाहिजे.

सिलेंडरच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त जपून वागतो. ब्लॉक बिडाचा असतो. आत चरे पडले की बोअर मारून मोठा करतात आणि पाव मिलिमीटरनं मोठा पिस्टन बसवतात. मग अर्धा, मग पाऊण. प्रत्येक बोअरबरोबर भिंत पातळ होते, आणि गेलेलं बीड परत येत नाही. ही ठेवीतली मुद्दल आहे. म्हणून आधी मोजायचं. वर, मध्ये आणि खाली, लांबीत आणि रुंदीत, बोअर गेजनं. नुसत्या होनिंगनं भागत असेल तर बोअर मारायचा नाही. मारायचाच असेल तर लागेल तेवढाच. बोअरनंतर सिलेंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, म्हणजे पोर्टच्या, धारदार कडा कानशीनं हलक्या मोडायच्या, नाहीतर रिंग तिथं अडकते. टू-स्ट्रोकच्या पिस्टनमध्ये रिंगच्या खाचेत बारीक पिना असतात, त्या रिंगचं तोंड पोर्टसमोर येऊ देत नाहीत. ब्लॉक खाली सरकवताना रिंगची तोंडं त्या पिनांवरच आहेत ना, हे बोटांनी चाचपून मगच ब्लॉक सोडायचा.

हाच न्याय बाहेरच्या रूपाला. सँडब्लास्टिंग करून, बफ मारून केस आरशासारखी करता येते. पण त्यात जोडाच्या कडा गोल होतात आणि ओतीव धातूचा मूळ पोत जातो. टाकीवरचा मरून रंग आणि कडेचे क्रोम जिथं टिकले आहेत तिथं मी ते नुसते स्वच्छ करून मेण लावतो. गंज आरपार गेला असेल तिथंच रंगाला हात घालायचा. 2021 साली केंद्र सरकारनं 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं आली. मूळपणाला सरकारी मोल आलं हे चांगलंच झालं. माझ्यासाठी मात्र मूळपणाचं कारण वेगळं आहे. मूळ घडण जागेवर असेल, तरच पुढच्याला मापं घेता येतात.

वायरिंगमध्ये आधीच्या हातांचा सगळ्यात जास्त गोंधळ सापडतो. दिवा विझला की मिळेल त्या रंगाची वायर ओढून टेप गुंडाळलेली असते. गाडी सहा व्होल्टची. 45 वॅटच्या डायनमोतून साडेसात अँपिअर वाहतात. तेवढ्याच वॅटला बारा व्होल्टवर त्याच्या निम्मेच लागले असते. म्हणून इथं प्रत्येक गंजलेला जोड दिव्याचा उजेड खातो. मी जुन्या नकाशाप्रमाणे मूळ रंगांच्या वायरी घेऊन नवी गुंफण करतो. जोड सोल्डरचे, अर्थिंगची जागा खरडून उघड्या धातूवर. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट 0.4 मिलिमीटर. टायमिंगसाठी पॉइंटच्या मध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा, क्रँक सावकाश फिरवायची आणि कागद हलकेच ओढत राहायचा. पॉइंट उघडतात त्या क्षणी कागद सुटतो, आणि तेव्हा पिस्टन टोकाच्या सुमारे 3 मिलिमीटर खाली असायला हवा. यासाठी महागडं उपकरण लागत नाही. प्लगच्या भोकात उतरवलेली खुणांची काडी आणि स्थिर हात पुरतो.

बंद करताना प्रत्येक गोष्ट मी सुटेल अशी बसवतो. जोडावर सिलिकॉनचा चिखल न लावता, सपाट केलेल्या पृष्ठभागावर नीट कापलेलं कागदी गास्केट. स्क्रूच्या आट्यांवर थोडं कॉपर ग्रीस, म्हणजे कोल्हापूरच्या पावसाळ्यातही ते जाम होत नाहीत. एखादे आटे गेले असतील तर वेल्डिंग न करता पोलादी इन्सर्ट. तो झिजला तर पुन्हा बदलता येतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं आणि जुनी रबरं फुगवतं. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि वॉशर नव्या जातीचे बसवायचे, आणि गाडी दीर्घ काळ उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करायचे. नव्या पिस्टनला सुरुवातीला लिटरमागे 50 मिली तेल, रुळल्यावर 40. हे सगळं वहीत लिहून ती गाडीबरोबरच द्यायची. काढलेले जुने भागही पिशवीत घालून सोबत द्यायचे, कारण नमुना हातात असला तर उद्यमनगरातला कुणीही तो पुन्हा बनवू शकतो.

2018 मध्ये जावा हे नाव रस्त्यावर परत आलं, पण ते 293 सीसीच्या, पाण्यानं थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनावर. त्याचा सुटा भाग जुन्या गाडीला लागत नाही. म्हैसूरचा कारखाना बंद झाला तेव्हापासून या गाड्यांचं पुढचं आयुष्य पाना हातात घेणाऱ्यांवर आहे. त्यातल्या प्रत्येकाला आधीच्याचं काम सोडवावं लागतं आणि पुढच्यासाठी बंद करावं लागतं. तुमच्या घरी अशी गाडी उभी असेल आणि काम हाती घ्यायचं मनात असेल, तर सुरुवात रंगापासून करू नका. आधी एक वही घ्या, पुलर आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, आणि प्रत्येक माप लिहून ठेवा. रंग केव्हाही देता येतो. गेलेला आटा, ओरखडलेला जोड आणि वाया घालवलेला बोअर मात्र पुढच्या सगळ्यांकडून हिरावलेला असतो. म्हणून आधी ते जपा.