मागून ढकलणारं इंजिन

वसुबारसेच्या संध्याकाळपासून आमच्या जिन्यात चपला साचायला लागतात. लोणावळ्यात भांगरवाडीतलं जुनं घर, वरची एक खोली, आणि त्या खोलीत चौदा फूट लांब, चार फूट रुंद प्लायवुडवर बसवलेला बोरघाट. भाऊबीजेपर्यंत रोज संध्याकाळी तो सगळ्यांसाठी उघडा असतो. तिकीट नाही. हात धुऊन यावं आणि गाडीला बोट लावू नये, एवढ्या दोनच अटी.

दिवाळीच का, तर पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे भिंतीसुद्धा घामेजतात. प्लायवुड फुगतं, रुळांचे सांधे वर येतात, डोंगरावर न लावलेली बुरशी उगवते. चार महिने सगळं प्लास्टिकखाली झाकून आत एक बल्ब पेटता ठेवायचा. नवरात्र उलटलं की झाकण काढायचं आणि शाळेतल्या खोडरबरानं रूळ घासायला बसायचं. पहिल्या दिवशी खोडरबर काळंकुट्ट होतं. तिसऱ्या दिवशी कुठे इंजिन न अडखळता पलीकडे पोचतं.

लोक विचारतात, ही घरातली गाडी लोकांना दाखवायची कल्पना परदेशातली ना? अमेरिकेत नोव्हेंबर हा मॉडेल रेल्वेचा महिना मानतात. हौशी मंडळी तेव्हा तळघरं, गॅरेज उघडून ठेवतात आणि अनोळखी माणसं येऊन पाहून जातात. हे मी फार उशिरा वाचलं. तोवर मला एकच रीत ठाऊक होती. दिवाळीत पोतं भिजवायचं, दगडविटांवर अंथरायचं, माती लिंपायची, अळीव पेरायचे आणि गल्लीभर ओरडत फिरायचं, ‘किल्ला बघायला या!’ मावळातल्या पोराला नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. माळवलीला उतरलं की लोहगड-विसापूर समोर उभे. माझ्या किल्ल्याच्या पोटात मात्र एक बोगदा असायचा आणि त्यातून चावीची गाडी जायची. वर सिंहासनावर महाराज, खाली आगगाडी. कुणी हरकत घेतली नाही. पुढे किल्ला लहान होत गेला आणि बोगदा वाढला, एवढंच.

घाट करायचा ठरवल्यावर पहिला पराभव गणितानं केला. माझं प्रमाण एचओ, म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीवा भाग. १८६३ साली सुरू झालेला मूळ घाटमार्ग जवळजवळ सोळा मैलांचा; चढ १,८३१ फुटांचा; तीव्रता काही ठिकाणी सदतिसास एक; पंचवीस बोगदे. या सगळ्याला सत्याऐंशीनं भागलं तरी रूळ उरतात दोनशे नव्वद मीटर आणि उंची एकवीस फूट. म्हणजे गल्लीइतकी लांब आणि दुमजली घराएवढी उंच खोली हवी. माझ्या चौदा फुटांत त्याच चढानं गाडी जेमतेम साडेचार इंच वर जाते. खऱ्या मापात तेहतीस फूट. रुळांतही तडजोड आहेच. आपल्या ब्रॉडगेजच्या १,६७६ मिलिमीटरला सत्याऐंशीनं भागलं की सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. बाजारात मिळणारा एचओचा रूळ साडेसोळाचा, म्हणजे युरोपातल्या गाड्यांच्या मापाचा. त्यावर आपलं इंजिन बसवलं की धिप्पाड माणसानं धाकट्या भावाच्या चपला घातल्यासारखं दिसतं. सवयीनं डोळा ते माफ करतो.

मग हे काम छोटं करण्याचं राहत नाही, गाळण्याचं होतं. पंचवीसातले तीन बोगदे ठेवले. दऱ्या दोन. काळ्या कातळावरून झिरपणाऱ्या पाण्याचे तांबूस ओघळ मात्र सगळे ठेवले, कारण तेवढं पाहूनच इथला माणूस ‘अरे, हा आपला घाट’ म्हणतो. डोंगराचा सांगाडा कोंबडजाळीचा, वर प्लास्टरमध्ये बुडवलेलं वर्तमानपत्र. माती म्हणून चहाचा चोथा. उन्हात खडखडीत वाळवून, चाळून, फेव्हिकॉलच्या पाण्यानं बसवलेला. घरच्या चहाला पाऊसकाळातल्या मातीचा रंग येतो. ऑक्टोबरातली पिवळट माती हवी असेल तर त्यात रंगवलेला भुसा मिसळावा लागतो.

उंचीचा प्रश्न ज्यानं सुटला ते रिव्हर्सिंग स्टेशन. जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याची अडचण माझ्याच जातीची होती, उंची फार आणि डोंगराला पुरेशी रुंदी नाही. म्हणून कर्जतहून चढत आलेली गाडी खंडाळ्याच्या खाली एका सोंडेवर येऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि गाडी उलट्या तोंडानं पुढचा चढ घ्यायची. टेबलावर ही युक्ती वरदानच ठरली. त्याच चौदा फुटांत गाडी दोनदा फिरते आणि दुप्पट चढते. पोरांना तर हाच खेळ सगळ्यांत आवडायचा. इंजिन सुटतं, मागे जातं, पुन्हा लागतं, आणि मगाशी शेवटी असलेला डबा पुढे येतो.

लेआउट लोकांसाठी उघडण्याचं धाडस मला कोथरूडला आलं. भाऊसाहेब जोशींनी हयातभर जमवलेल्या छोट्या गाड्यांचं संग्रहालय तिथे १ एप्रिल १९९८ला सुरू झालं. कर्व्यांच्या पुतळ्याजवळच्या शांत गल्लीत तुम्ही शिरता आणि समोर अख्खं शहर उभं असतं. स्टेशनं, सिग्नल, दोरीवरचा पाळणा, डोंगर चढणारी गाडी, सर्कससुद्धा. तिथे मी गाड्यांइतकाच माणसांकडे पाहत होतो. खेळ सुरू झाला की आजोबा आणि नातू एकाच उंचीला वाकतात. पण ते शहर मनातलं आहे. तिथे कुणी ‘आमचं घर कुठंय?’ असं विचारत नाही.

माझ्याकडे पहिला प्रश्न तोच. लोकलनं रोज पुण्याला जाणाऱ्या एका ताईंनी पूर्ण टेबल दोनदा न्याहाळलं आणि विचारलं, “दादा, माळवली कुठंय?” मी सांगितलं, बोर्ड लोणावळ्यालाच संपतो. “म्हणजे लोणावळ्याच्या पुढं कुणी राहतच नाही,” म्हणाल्या आणि हसल्या. मी तीन बोगदे, दोन दऱ्या मोजून मापून निवडल्या होत्या. गाळलेली गावं मोजली नव्हती. त्या दिवसापासून बोर्डाच्या टोकाला, रूळ भिंतीत शिरतो तिथे, विसापूरची एक निळसर कडा रंगवलेली आहे.

दोन दिवाळ्यांपूर्वी एक काका आले. ऐंशी ओलांडलेले, काठी टेकत जिना चढलेले. घाटात इंजिनं चालवून निवृत्त झालेले, हे त्यांच्या नातवानं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मी त्यांना माझी शान दाखवली, रुपेरी अंगावर लाल पट्ट्यांची डेक्कन क्वीन. ती रिव्हर्सिंगला आली, इंजिन फिरलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या.

“राणी कधी सुरू झाली?” काकांनी विचारलं.

“१ जून १९३०.”

“आणि रिव्हर्सिंग बंद कधी झालं?”

मला उत्तर ठाऊक होतं. विजेची गाडी आली, नवा मार्ग काढला, १९२९ला रिव्हर्सिंग सुटलं. राणीनं ते कधी वापरलंच नाही. मला दोन्ही आवडत होती म्हणून मी ती एका बोर्डावर बसवली होती आणि आजवर कुणी पकडलं नव्हतं.

काका मात्र तिथे थांबले नाहीत. “ते असू द्या. पण घाट चढतेय आणि मागं कुणीच नाही? बँकर कुठंय? खेकडा कुठंय?”

बोरघाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जोडइंजिन लागतं, ते लोणावळ्यापर्यंत ढकलतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आणि खेकडा म्हणजे १९२८च्या सुमाराचं ते विजेचं मालगाडीचं इंजिन. मधे केबिन, दोन्हीकडे लांब नाकाडं, चाकांना जोडणारे दांडे वरखाली होत राहणारे. काका नोकरीला लागले तेव्हा ते अजून घाटात होतं. मी पंचवीस बोगद्यांतले बावीस गाळले त्याचं कुणाला काही वाटलं नाही. बँकर गाळला तर घाटच उरला नाही.

वर्षभर मी खेकडा केला. प्लास्टिकच्या पत्र्यातून अंग, जुन्या जर्मन इंजिनाचा सांगाडा. दिसायला बरा झाला, पण ढकलू लागला की डबे पडायचे. दोन मीटरच्या सरळ रुळावर मोजलं; पुढचं इंजिन चौदा सेकंद घेत होतं, खेकडा अकरा. वीज दोघांना एकच, मोटारी वेगळ्या. ओढणारं इंजिन जास्त ताणतं तेव्हा डबा वळणाच्या आत कलंडतो. ढकलणारं घाई करतं तेव्हा मधला डबा चिमटला जाऊन वळणाच्या बाहेर उडतो. कुठला डबा कुठे पडला यावरून चूक कुणाची ते कळतं. शेवटी खेकड्याच्या मोटारीच्या वायरीत दोन डायोड उलटसुलट जोडून घातले. ते पाऊण व्होल्टच्या आसपास खातात, मोटार तेवढी नरमते. एक जोडी पुरली नाही, दोन लागल्या. आता गाडी चढताना पुढच्या डब्यांच्या कड्या ताणलेल्या असतात, मागच्यांच्या सैल. मधे एक डबा असा असतो ज्याला कुणी ओढतही नाही आणि ढकलतही नाही. तो डबा सापडला की दोन इंजिनांचं जमलं असं समजावं.

रिव्हर्सिंगचे रूळ मी उखडले. हात जड झाला, पण उखडले. सोंड तशीच ठेवली. फलाटाची एक कड, रूळ काढल्यावर राहिलेले स्लीपरांचे ठसे, वर चोथ्याची माती आणि वाळलेलं गवत. आता त्या टेबलावर साल एकच आहे. राणी नव्या बोगद्यातून जाते आणि खिडकीतून जुनी वाट दिसते. उंची कमी पडली ती पडली.

गेल्या दिवाळीत काका पुन्हा आले. नातवानं खुर्ची धरली, पण ते बसले नाहीत. टेबलाच्या कडेला वाकून खेकड्याच्या केबिनच्या उंचीला डोळे आणून उभे राहिले. गाडी लोणावळ्याला पोचली. मी बँकर सोडला. एका पोरानं जाहीर केलं, “वर गेली, म्हणजे ही अप!”

“नाही रे बाबा,” काका म्हणाले. “मुंबईकडे जाते ती अप. घाट उतरते ती अप, चढते ती डाऊन.”

“असं कसं? उतरते ती अप?”

“ये इकडे, सांगतो.”

पोरं काकांभोवती गोळा झाली. कर्जतला बँकर कसा लागतो, पावसात चाकं कशी घसरतात, वाळू कधी सोडायची, धुक्यात सिग्नल दिसला नाही तर काय करायचं, असं पाऊण तास चाललं. यातलं काहीच माझ्या प्लायवुडवर नव्हतं. मी कोपऱ्यात बसून नॉब फिरवत होतो, काका बोट दाखवतील तिथे गाडी थांबवत होतो.