माल दोनदा जातो की!

साताऱ्यात आमच्या घराखाली बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत एकेका लग्नाचे फोटो-व्हिडिओ मिळून ३०० गिगाबाइट होतात. रात्री ते सगळं वरच्या मजल्यावरच्या बॅकअपच्या कॉम्प्युटरवर चढवायचं. स्टुडिओत गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह, म्हणजे व्हायरसचा पाहुणचार ठरलेला! म्हणून स्टुडिओचं नेटवर्क वेगळं, घरचं वेगळं आणि मध्ये राउटर. जुना राउटर १०० मेगाबिटचा, त्यामुळे या कामाला सात तास लागायचे. बाबा रात्री दोनदा उठून बघायचे.

सेकंड इयरच्या सुट्टीत मी जाहीर केलं, "बाबा, गिगाबिट राउटर मी घरीच बनवते."

माळ्यावर २००४ सालचा पेंटियम ४ पडून होता, वयाने माझ्याहून मोठा. त्यात पीसीआयचे स्लॉट मोकळे होते. मी हिशेब केला. गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झची पीसीआय बस म्हणजे १३३ मेगाबाइट. बसतंय की! दोन सेकंडहँड गिगाबिट कार्डं आणली, लिनक्स टाकलं, राउटर सुरू.

टेस्ट केली, तर ३८० मेगाबिट. सात तासांचं काम पावणेदोन तासांवर आलं, बाबा तेवढ्यावरच खूश. पण मी शब्द दिला होता गिगाबिटचा! "बाबा, केबल खराब आहे," मी ठामपणे सांगितलं. बाबांनी काही न विचारता, नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवरची पट्टी उखडून खालपासून वरपर्यंत नवी केबल टाकली. पुन्हा टेस्ट केली. ३८०! प्रोसेसर निम्मा रिकामा बसलेला, म्हणजे दोष त्याचाही नाही.

संध्याकाळी चहा पिताना बाबांनी विचारलं, "ही बस म्हणजे काय गं? आपली एसटी?"

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे बसची डेफिनिशन मी इंग्रजीत झोपेतही म्हणेन. मराठीत सांगताना मात्र अडखळले. म्हटलं, "रस्ता समजा. खालून आलेला माल पहिल्या कार्डातून मेमरीत जातो. मग मेमरीतून दुसऱ्या कार्डात आणि तिथून वर."

"दोन्ही कार्डं एकाच रस्त्यावर?"

"हो."

"मग माल त्या रस्त्यावरून दोनदा जातो की!"

मी कप खाली ठेवला. खरंच! पीसीआय म्हणजे एकेरी पूल, एका वेळी एकच कार्ड बोलणार. राउटरमध्ये प्रत्येक पॅकेट तो पूल दोनदा ओलांडतं. पूर्ण गिगाबिट एका दिशेने न्यायलाच २५० मेगाबाइट हवेत, दोन्ही दिशांनी ५००. आणि माझ्याकडे १३३, तेही कागदावर. या बसच्या प्रश्नाला पेपरात मला पैकीच्या पैकी मार्क होते.

"बाबा, केबल चांगली होती. मी उगाच सांगितलं," हे वाक्य म्हणायला मला आणखी एक दिवस लागला.

"जुनी झाली होती गं," बाबा म्हणाले.

मग मी नीट निवड केली. एका ऑफिसने काढून टाकलेला डेस्कटॉप घेतला, पीसीआय एक्सप्रेसवाला. २००३ साली आलेल्या या पद्धतीत प्रत्येक स्लॉटला स्वतःच्या लेन असतात, येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी. पहिल्या पिढीची एक लेनसुद्धा प्रत्येक दिशेने सेकंदाला २५० मेगाबाइट देते. ग्राफिक्स बोर्डावरच असल्याने लांब स्लॉट मोकळा होता, त्यात इंटेलचं दोन पोर्टांचं, चार लेनचं कार्ड बसवलं. टेस्ट केली, ९४० मेगाबिट! उरलेले हेडर वगैरे खातात. ३०० गिगाबाइट आता पाऊण तासात वर जातात आणि बाबा रात्रभर झोपतात.

तर मित्रांनो, कार्ड घेण्याआधी डब्यावरचा आकडा बघू नका. कागदावर पॅकेटची वाट काढा, आणि ती कुणाला तरी साध्या मराठीत सांगून बघा.

ती "खराब" केबल मी हॉस्टेलवर घेऊन आले. रूममेटच्या लॅपटॉपला तिच्यावर गिगाबिटचा लिंक पहिल्या झटक्यात लागतो.