घातांकांचं ताट

कॅम्पस सीझन सुरू झाला की आमच्या हॉस्टेलच्या भिंतींवर देवाच्या फोटोशेजारी सूत्रांचे कागद चिकटतात. त्यात एक सूत्र हमखास असतं : संख्येचे मूळ अवयव पाडा, प्रत्येक घातांकात १ मिळवा, गुणाकार करा, झाले विभाजक! ३६० म्हणजे तीन वेळा २, दोन वेळा ३ आणि एकदा ५. घातांक ३, २, १. म्हणून विभाजक ४ × ३ × २ = २४.

पण १ का मिळवायचा? असं विचारलं की पब्लिक म्हणतं, "पाठ कर ना बाबा, डोकं कशाला खातोस!"

माझा रूम पार्टनर दोन कंपन्यांच्या ॲप्टिट्यूडमध्ये गारद झालेला. सूत्र तोंडपाठ, पण ऐनवेळी १ मिळवायचा की वजा करायचा, इथे गाडी अडायची. तिसरी कंपनी सोमवारी, आणि रविवारी मेसमध्ये फीस्ट. त्याला म्हटलं, समज, पुऱ्या जास्तीत जास्त ३, भाजीच्या वाट्या २ आणि गुलाबजाम १ (मेसवाल्या काकांच्या कृपेने तो खरंच एकच मिळतो!). पुऱ्या ०, १, २ किंवा ३, म्हणजे चार पर्याय. अजिबात न घेण्याची जी सोय आहे ना, तोच तो १. आता पुरी म्हणजे २, भाजी म्हणजे ३, गुलाबजाम म्हणजे ५ धर. ताटात जे पडेल त्याचा गुणाकार केलास की ३६० चा एक विभाजक. गच्च भरलेलं ताट ३६०.

"आणि रिकामं?"

रिकामं म्हणजे १. तोही विभाजकच की!

मला स्वतःला या घातांकांचं वेड लागलं ते वेगळ्याच कारणाने. १, २, ३, ४... प्रत्येक संख्येतला फक्त २ चा घातांक लिहीत जा : ०, १, ०, २, ०, १, ०, ३... इंचाच्या पट्टीवरच्या लहानमोठ्या रेघा हुबेहूब अशाच! डिजिटलच्या लॅबमधला बायनरी काउंटर शून्यापासून सुरू केला, तर आठव्या पल्सला चार बिट बदलतात. म्हणजे आठच्या घातांकाहून एक जास्त. प्रत्येक पल्सला हेच. आणि ५ चे घातांक १ ते १०० पर्यंत मिळवले की २४ येतात, म्हणून १०० फॅक्टोरियलच्या शेवटी २४ शून्यं.

असो. सोमवारच्या पेपरात यातलं काहीच आलं नाही! सगळी ट्रेनची आणि कामगारांची गणितं. निकाल अजून लागायचाय. पण त्या रात्री लाइट घालवल्यावर अंधारातून पार्टनरचा आवाज आला, "अरे, ३६० पेक्षा लहान अशी संख्या असेल का रे, जिला २४ विभाजक आहेत?"

मी ताडकन उठून बसलो. उत्तर 'नाही' असं आहे, पण प्रश्न सूत्राच्या कागदावरचा नव्हता. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर रामानुजन यांनी १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात मोठा लेख लिहिला. अशा संख्येत घातांक कधीच चढत नाहीत. कारण सोपं आहे : १८ मध्ये एक २ आणि दोन ३, विभाजक ६. घातांकांची अदलाबदल केली की १२. विभाजक तेवढेच, संख्या लहान! शेवटचा घातांक नेहमी १ असतो, अपवाद फक्त ४ आणि ३६.

रामानुजन यांच्या यादीतली शेवटची संख्या ६७,४६,३२,८३,८८,८०० आहे. २ पासून २३ पर्यंतच्या मूळ संख्यांचे घातांक ६, ४, २, २ आणि पुढे पाच वेळा १. विभाजक १०,०८०. कॅल्क्युलेटर नसताना! एवढ्या लांबलचक यादीत एकच संख्या निसटली, २,९३,३१,८६,२५,६००. शेवटच्या संख्येला २३ ने भागून बघा, तीच मिळते.